विल्यम कूपर : ज्यांचा अर्ज राजापर्यंत पोहोचला नाही

अन्यायी न्यायाधीशाचा आणि चिकाटीने न्याय मागणाऱ्या विधवेचा जो दाखला प्रभूने सांगितला, तो आमच्या वाचकांस चांगला परिचित आहे. त्या विधवेस शेवटी न्याय मिळाला. परंतु ज्याने तिच्याप्रमाणेच वर्षानुवर्षे दार ठोठावले, आणि तरीही ज्यास आपल्या हयातीत न्याय मिळाला नाही, त्याच्या श्रमांचे काय होते? जमिनीच्या तुकड्यासाठी, पाणवठ्यासाठी अथवा मुलांच्या शाळेसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या गरीब मंडळींच्या मनात हा प्रश्न येतो; आणि ज्या उपदेशकाकडे ती मंडळी सांत्वनासाठी येतात, त्यासही त्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून ऑस्ट्रेलिया देशातील विल्यम कूपर नामक एका ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम त्या देशाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. इंग्रज लोक १७८८ साली ऑस्ट्रेलियात वस्ती करण्यास गेले. त्यापूर्वी हजारो वर्षांपासून तेथील मूळ रहिवासी त्या भूमीवर नांदत होते. त्यांच्या शेकडो जमाती होत्या व शेकडो भाषा होत्या. आपल्या सीमा कोठवर, कोणत्या झऱ्याचे पाणी कोणाचे, कोणत्या ऋतूत कोठे जावे, हे सर्व त्यांच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होते. परंतु नव्याने आलेल्या सरकारने त्यांच्याशी तह केला नाही व त्यांस जमिनीचे मोल दिले नाही. ती भूमी जणू कोणाचीच नव्हती असे समजून ती मेंढपाळांस व शेतकऱ्यांस वाटून देण्यात आली. देवीसारख्या रोगांनी, उपासमारीने आणि बंदुकीने त्या लोकांची संख्या झपाट्याने घटली.

त्या देशाच्या आग्नेय भागी मरे नावाची मोठी नदी वाहते. तिच्या उत्तरेस न्यू साउथ वेल्स व दक्षिणेस व्हिक्टोरिया असे दोन प्रांत आहेत. जेथे गोलबर्न नदी मरेस मिळते, त्या पाणथळ अरण्यात योर्ता योर्ता नावाचे लोक राहत असत. झाडाच्या सालीच्या होड्या करून ते मासे धरीत, आणि कासवे, बदके व कंदमुळे ह्यांवर त्यांचा सुखाने निर्वाह होई. विल्यम कूपर ह्यांचा जन्म ह्याच लोकांत १८६० च्या सुमारास झाला. त्यांची आई किटी ही योर्ता योर्ता जमातीची असून पिता जेम्स कूपर हा मजुरी करणारा गोरा मनुष्य होता. विल्यम जन्मला तेव्हा त्याच्या आईच्या लोकांची बहुतेक भूमी मेंढ्यांच्या कुरणांखाली गेली होती, आणि जे आदल्या पिढीत त्या भूमीचे धनी होते ते आता तिच्यावर चाकरीस होते. लहानपणी विल्यमही त्या भागातील एका बड्या जमीनदाराच्या पदरी कामास होता.

१८७४ साली डॅनिएल मॅथ्यूज नावाच्या एका ख्रिस्ती व्यापाऱ्याने व त्याच्या पत्नीने मरे नदीच्या काठी मालोगा येथे मूळ रहिवाशांकरिता एक मिशन उघडले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात किटी आपल्या मुलांस घेऊन तेथे आली. विल्यम तेव्हा सुमारे तेरा वर्षांचा होता. त्याची बुद्धी किती चलाख आहे आणि तो अक्षरे किती लवकर उचलतो, हे पाहून मॅथ्यूजसाहेबांस मोठे नवल वाटले. तथापि पोटासाठी त्यास पुनः पुनः मिशन सोडून दूरदूर जावे लागे. मेंढ्यांची लोकर कातरणे, गुरांचे कळप हाकणे, रानटी घोडे माणसाळविणे, अशी कष्टाची कामे त्याने कित्येक वर्षे अनेक प्रांतांत केली. लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या संघाचा तो सभासद होता. आणि चार माणसे एकत्र होऊन नेमस्त शब्दांत मागणे कसे करितात, हे तो तेथे शिकला.

१८८४ च्या जानेवारीत मालोगाच्या प्रार्थनामंदिरात उपासना संपल्यावर विल्यम मॅथ्यूजसाहेबांकडे गेला आणि आपण आपले अंतःकरण देवास देऊ इच्छितो असे त्याने सांगितले. त्याची सर्व भावंडे त्याच्या आधीच ख्रिस्ताकडे वळली होती. हा सर्वांच्या मागून आला. त्याचा हा निश्चय पुढे सत्तावन वर्षे, मरेपर्यंत, टिकला.

ह्या ठिकाणी आमच्या देशाशी संबंध असलेल्या एका पुरुषाचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. मालोगाच्या शाळेत टॉमस शॅड्राक जेम्स नावाचे एक शिक्षक होते. ते मॉरिशस बेटात जन्मलेले, परंतु त्यांचे घराणे मूळचे मद्रासकडील हिंदी होते. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात गेले, तेथे मॅथ्यूजसाहेबांची व त्यांची गाठ पडली, आणि त्यांनी मूळ रहिवाशांच्या मुलांस शिकविण्याचे काम पत्करिले. विल्यम कूपर ह्यांची बहीण एडा हिच्याशी त्यांनी विवाह केला, व सुमारे चाळीस वर्षे ते त्या एकाच समाजात शिक्षक म्हणून राहिले. दिवसा मुले आणि रात्री मोठी माणसे त्यांच्यापाशी शिकत. ह्या हिंदी वंशाच्या मास्तरांच्या रात्रशाळेत विल्यम कूपर ह्यांनी आपले वाचन-लेखन पक्के केले. मास्तर आपल्या विद्यार्थ्यांस शास्त्र शिकवीत, हिशेब शिकवीत आणि सरकारास अर्ज कसा लिहावा हेही शिकवीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांमुलींतून पुढे त्या लोकांचे अनेक पुढारी निघाले. खेड्यातील लहानशा शाळेत कंदिलाच्या उजेडात शिकविणाऱ्या आमच्या शिक्षक बंधूंनी हे नाव लक्षात ठेवावे.

मालोगाच्या लोकांस शुभवर्तमान मिळाले व अक्षरे मिळाली, परंतु पायांखालची जमीन मिळाली नव्हती. १८८१ साली तेथील ४२ पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नराकडे एक अर्ज केला. आमची सर्व भूमी वसाहतवाल्यांनी घेतली, शिकार उरली नाही. तेव्हा आम्हांस थोडी जमीन द्यावी, म्हणजे आम्ही ती कसून आपल्या घामाची भाकरी खाऊ, असा त्या अर्जाचा भावार्थ होता. दोन वर्षांनी सरकारने १,८०० एकर जमीन त्यांच्याकरिता राखून ठेविली. १८८८ साली मालोगाची बहुतेक कुटुंबे तेथे राहावयास गेली. मॅथ्यूजसाहेब प्रेमळ होते, पण त्यांची शिस्त फार कडक होती, आणि तिचा पुष्कळांस कंटाळा आला होता, हेही येथे खरेपणाने सांगितले पाहिजे. ह्या नव्या वस्तीचे नाव कमेरागंजा.

काही वर्षांनी तेथील सुमारे वीस कुटुंबांस प्रत्येकी ४० एकरांचे तुकडे कसावयास मिळाले. लोकांनी हातांनी झाडे तोडली, बुंधे उपटले आणि गहू पेरला. परंतु ती जमीन त्यांच्या नावे करून दिलेली नव्हती. १९०७ च्या सुमारास मूळ रहिवाशांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने ते तुकडे परत घेण्यास आरंभ केला. पुढे तेथील जमीन गोऱ्या शेतकऱ्यांस खंडाने देण्यात आली. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट वाचताना आमच्या मनाला जो चटका बसतो, तो कमेरागंजाच्या लोकांस आपल्या शेतांच्या बांधावर उभे राहून बसला. इतक्यावरच थांबले नाही. १९१५ साली न्यू साउथ वेल्समध्ये असा कायदा झाला की त्या मंडळाने कोर्टाचा हुकूम न घेता मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून काढून न्यावी. मंडळाची गाडी येताना दिसली की आया आपल्या लेकरांस घेऊन नदीकडे धाव घेत.

त्याच काळात युरोपात पहिले महायुद्ध चालले होते. विल्यम कूपर ह्यांचा मुलगा डॅनिएल हा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झाला आणि १९१७ साली बेल्जममध्ये लढाईत मारला गेला. ज्या देशाच्या घटनेत १९०१ पासून असे कलम होते की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांस मोजू नये, त्या देशासाठी त्याने प्राण दिला. जो जिवंतपणी मोजला गेला नाही तो मेलेल्यांच्या यादीत मात्र मोजला गेला. हे दुःख पित्याने कधी विसरले नाही. पुढे दुसरे महायुद्ध जवळ आले तेव्हा त्यांनी सरकारास स्पष्ट लिहिले की, आमच्या लोकांस आधी ह्या देशाचे पुरे हक्क द्या. ज्याच्यापाशी भूमी नाही व मान नाही, त्याने कशाच्या रक्षणासाठी लढावे?

१९३३ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, कूपर ह्यांनी कमेरागंजा सोडले व ते मेलबर्न शहराच्या फुट्सक्रे नावाच्या मजूर वस्तीत राहावयास गेले. त्याचे कारण असे होते की, सरकारी राखीव वस्तीत राहणाऱ्या मूळ रहिवाशास वृद्धापकाळचे पेन्शन मिळत नसे. त्यांस दुसरे उत्पन्न नव्हते. बहुतेक माणसे ज्या वयात अंगणात बसून नातवंडे खेळवितात, त्या वयात ह्या गृहस्थाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले. पोटापुरते ठेवून उरलेल्या पेन्शनीतून कागद व टपालाची तिकिटे विकत घ्यावी, आणि मंत्र्यांस, वर्तमानपत्रांस व मंडळ्यांस पत्रे लिहावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्यांनी पहिले काम हे केले की इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज ह्यास एक विनंतीअर्ज तयार केला. त्यात तीन मागण्या होत्या: मूळ रहिवाशांचा वंश नाहीसा होण्यापासून वाचवावा, त्या सर्वांची स्थिती सुधारावी, आणि त्यांच्या वतीने बोलणारा एक प्रतिनिधी पार्लमेंटात असावा. ह्या अर्जावर सह्या गोळा करणे म्हणजे काय, ह्याचा वाचकांनी विचार करावा. तो देश हिंदुस्थानाहून मोठा. लोक दूरदूरच्या वस्त्यांवर व मिशनांत विखुरलेले. पुष्कळ ठिकाणी अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बाहेरचा कागद आत जाणेही कठीण. आणि सही करणाऱ्यास अधिकाऱ्याची इतराजी होण्याचे भय. असे असता चार वर्षांत १,८१४ जणांची नावे त्या अर्जावर पडली. १९३७ साली तो अर्ज राजाकडे पाठविण्याकरिता ऑस्ट्रेलियाच्या सरकारच्या स्वाधीन करण्यात आला. तोवर पाचवा जॉर्ज मरण पावून सहावा जॉर्ज गादीवर बसला होता. १९३८ साली मंत्रिमंडळाने ठरविले की हा अर्ज पुढे पाठवू नये. तो राजापर्यंत गेलाच नाही.

दरम्यान कूपर ह्यांनी आपल्या लोकांचा एक संघ उभारला होता. १९३६ साली तो ऑस्ट्रेलियन अॅबोरिजिनीज लीग ह्या नावाने रीतसर स्थापन झाला व कूपर त्याचे चिटणीस झाले. आर्थर बर्डू नावाचे एक गोरे ख्रिस्ती कामगार त्यांचे निष्ठावंत साहाय्यक होते. डग्लस निकल्स हा कमेरागंजाचा तरुण फुटबॉलपटूही ह्या कामात त्यांच्या हाताखाली तयार झाला.

२६ जानेवारी १९३८ रोजी इंग्रजांच्या आगमनास दीडशे वर्षे झाली म्हणून सिडनी शहरात मोठा उत्सव झाला. त्या दिवशी जॅक पॅटन व विल्यम फर्ग्युसन ह्या पुढाऱ्यांनी त्याच शहरात मूळ रहिवाशांची एक सभा बोलाविली व त्या दिवसास शोकदिन असे नाव दिले. सुमारे शंभर लोक जमले. रस्त्यावर वाद्ये वाजत होती आणि सभागृहात काळ्या पोषाखातील माणसे आपल्या लोकांच्या हानीबद्दल शोक करून पूर्ण नागरिकत्वाची मागणी करीत होती. मेलबर्नहून वृद्ध कूपर तेथे हजर होते. पाच दिवसांनी एक शिष्टमंडळ मुख्य प्रधान जोसेफ लायन्स ह्यांस भेटले. मुख्य प्रधानांनी सर्व ऐकून घेतले. परंतु मागण्या मान्य झाल्या नाहीत.

आता त्याच वर्षाच्या अखेरीस जे घडले, त्यावरून ह्या पुरुषाच्या अंतःकरणाची खरी परीक्षा होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री व दुसऱ्या दिवशी जर्मनीत नाझी लोकांनी यहूदी लोकांची सभास्थाने जाळली, दुकाने फोडली, कित्येकांस ठार केले आणि हजारोंस छावण्यांत कोंडले. त्याच वर्षी जुलै महिन्यात, जर्मनीतून पळून येणाऱ्या यहूद्यांस कोणी आश्रय द्यावा ह्याचा विचार करण्यास अनेक राष्ट्रांची परिषद फ्रान्सात एव्हियां येथे भरली होती. तेथे ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने सांगितले होते की, आमच्या देशात वंशभेदाचा प्रश्न नाही आणि तो बाहेरून आणण्याची आमची इच्छा नाही. ज्यांच्याविषयी त्या देशात असा प्रश्नच नाही म्हणून सांगण्यात आले, ते लोक जर्मनीची बातमी ऐकून गप्प बसले नाहीत.

६ डिसेंबर १९३८ रोजी कूपर ह्यांच्या पुढारीपणाखाली संघाचे लोक मेलबर्न येथील जर्मन वकिलातीकडे गेले. यहूदी लोकांच्या क्रूर छळाचा निषेध करणारा व तो छळ थांबवावा अशी मागणी करणारा ठराव त्यांनी बरोबर नेला होता. जर्मन वकिलाने त्यांस आत घेतले नाही. ठराव दारातच राहिला. ह्या लोकांस स्वतःचा देश मोजीत नव्हता, त्यांची मुले त्यांच्यापासून काढून नेली जात होती, त्यांचा स्वतःचा अर्ज त्याच वर्षी अडकवून ठेवण्यात आला होता. आणि ज्यांस त्यांनी कधी पाहिले नाही अशा दूरदेशच्या लोकांसाठी ते दुसऱ्याच्या दारात उभे राहिले. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही पुष्कळदा ऐकतो; परंतु तो शोमरोनी स्वतःच जखमी असता वाकून दुसऱ्याच्या जखमा बांधीत आहे, असे चित्र येथे दिसते. आपल्यावर होणाऱ्या अन्यायाने मनुष्याचे मन कधी कधी आकसते व त्यास आपल्या दुःखापलीकडे काही दिसत नाही. कूपर ह्यांचे मन तसे झाले नाही. त्याबरोबरच त्यांनी आपल्या सरकारास बजाविण्यासही कमी केले नाही, की जर्मनीत जे चालले आहे त्याचा तुम्हांस संताप येतो तर घरी आमचे जे चालले आहे त्याकडेही पाहा.

१९३९ च्या फेब्रुवारीत कमेरागंजाच्या लोकांची सहनशीलता संपली. अपुरे अन्न, वाईट घरे, रोगराई आणि तेथील व्यवस्थापकाचा जाच ह्यांस कंटाळून सुमारे दोनशे माणसे आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या बाजूस गेली, व तेथे बार्मा येथे नदीकाठी राहुट्या टाकून कित्येक महिने राहिली. मेलबर्नमध्ये कूपर व त्यांचे सोबती त्यांच्यासाठी मदत गोळा करीत होते. त्या लोकांपैकी पुष्कळ जण पुनः कधी कमेरागंजास राहावयास गेले नाहीत.

आयुष्याच्या ह्या शेवटल्या काळात कूपर ह्यांनी एक विनंती ख्रिस्ती मंडळ्यांस केली. दरवर्षी जानेवारीच्या उत्सवापूर्वीचा रविवार मंडळ्यांनी मूळ रहिवाशांचा रविवार म्हणून पाळावा, त्या दिवशी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी व त्यांच्या स्थितीविषयी उपदेश द्यावा, असे त्यांचे मागणे होते. सरकारने त्यांचा अर्ज अडविला. परंतु मंडळ्यांनी हे मागणे मान्य केले, आणि १९४० च्या जानेवारीत असा पहिला रविवार पाळण्यात आला. १९५५ पासून तो जुलै महिन्यात पाळण्यात येऊ लागला, आणि त्यातूनच पुढे त्या देशात मूळ रहिवाशांचा जो मोठा सप्ताह साजरा होतो तो वाढला.

१९४० च्या अखेरीस शक्ती क्षीण झाल्यामुळे कूपर आपल्या नदीकडे, बार्मा येथे, परत गेले. २९ मार्च १९४१ रोजी मुरूपना येथील इस्पितळात त्यांनी देह ठेविला, व कमेरागंजाच्या भूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. त्या दिवशी हिशेब करणाऱ्याने हिशेब केला असता तर त्याने काय लिहिले असते? राजास केलेला अर्ज पोहोचला नाही. मुख्य प्रधानांनी मागण्या मान्य केल्या नाहीत. जर्मन वकिलाने दार उघडले नाही. पार्लमेंटात प्रतिनिधी मिळाला नाही. जमीन परत मिळाली नाही. एवढ्यावरून कोणी म्हटले असते की ह्या म्हाताऱ्याने आपली पेन्शन टपालात घालविली.

परंतु परमेश्वराचा हिशेब एका मनुष्याच्या आयुष्याबरोबर मिटत नाही. २७ मे १९६७ रोजी ऑस्ट्रेलियात सर्व मतदारांचा कौल घेण्यात आला, आणि शेकडा ९० हून अधिक मतांनी घटनेतील न मोजण्याचे ते कलम काढून टाकण्यात आले. १९७१ साली नेव्हिल बॉनर हे मूळ रहिवाशांपैकी पहिले गृहस्थ सिनेटात बसले. कूपर ह्यांच्या हाताखाली तयार झालेले डग्लस निकल्स पाळक झाले, १९७२ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, व १९७६ साली ते दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांताचे गव्हर्नर झाले. १९८४ साली कमेरागंजाची जमीन तेथील लोकांच्या स्वाधीन करण्यात आली. २००८ साली मुख्य प्रधानांनी पार्लमेंटात उभे राहून, ज्यांची मुले काढून नेली होती त्यांची क्षमा मागितली. २०१० साली यरुशलेम येथील याद वाशेम ह्या यहूद्यांच्या स्मारकसंस्थेने कूपर ह्यांच्या नावाने अध्यासन स्थापिले. २०१२ साली त्यांच्या नातवाने त्याच वाटेने जाऊन तो निषेधाचा ठराव पुनः जर्मन वकिलाकडे नेला, तेव्हा तो आदराने स्वीकारण्यात आला. राजास केलेला विनंतीअर्जही २०१४ साली नातवाने गव्हर्नर-जनरलांच्या हाती दिला, तो राणी दुसरी एलिझाबेथ हिच्याकडे जाण्यासाठी. २०१८ साली मेलबर्नमधील एका मतदारसंघास कूपर हे नाव देण्यात आले. ज्यास पार्लमेंटाने ऐकले नाही, त्याच्या नावाच्या मतदारसंघातून आता त्या पार्लमेंटात सभासद निवडून जातो.

एवढ्यावर थांबून सर्व गोड झाले असे आम्ही वाचकांस सांगितले, तर ते खरे होणार नाही. योर्ता योर्ता लोकांनी आपल्या पूर्वजांच्या भूमीवरील हक्कासाठी १९९४ साली कोर्टात दावा लाविला. १९९८ साली तो फेटाळण्यात आला, आणि २००२ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. खालच्या कोर्टाने जो पुरावा त्यांच्याविरुद्ध धरिला, त्यात १८८१ सालचा तो ४२ पुरुषांचा अर्जही होता. आमची भूमी गेली, शिकार उरली नाही, आता आम्हांस शेती करू द्या, असे ज्यांनी काकुळतीने लिहिले, त्यांच्याच शब्दांवरून असे ठरविण्यात आले की त्यांनी आपली जुनी रीत सोडून दिली होती. तथापि ते लोक खचले नाहीत. २०१० साली व्हिक्टोरियाच्या सरकारशी त्यांचा करार झाला, व बार्मा येथील राष्ट्रीय अरण्याच्या कारभारात त्यांस वाटा मिळाला. २०१९ साली त्या प्रांतातील मूळ रहिवाशांनी स्वतः निवडलेली एक सभाही स्थापन झाली. परंतु पार्लमेंटास सल्ला देणारी मूळ रहिवाशांची एक कायम सभा घटनेत असावी की नाही, असा कौल १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्व देशात घेण्यात आला, तेव्हा सुमारे शेकडा ६० मते विरुद्ध पडली. कूपर ह्यांनी १९३३ साली जे दार ठोठाविले, ते आजही अर्धेच उघडले आहे.

मग आरंभी जो प्रश्न आम्ही केला, त्याचे उत्तर काय? आम्हांस असे दिसते की विल्यम कूपर ह्यांनी आपल्या मागण्याचे फळ स्वतःसाठी राखून ठेविले नव्हते. त्यांस पेन्शन मिळाले होते, डोक्यावर छप्पर होते. ते गप्प राहिले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. जी अक्षरे त्यांस मिशनाच्या शाळेत व हिंदी वंशाच्या मास्तरांच्या रात्रशाळेत मिळाली, ती त्यांनी ज्यांस अक्षरे नव्हती त्यांच्यासाठी खर्चिली. अर्ज अडविला गेला, पण अर्जासाठी जे १,८१४ लोक पुढे आले ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. आपल्यालाही मागण्याचा अधिकार आहे हे त्यांस समजले, व त्यांनी ते आपल्या मुलांस शिकविले. पेरणारा एक व कापणारा दुसरा, ही तर देवाच्या शेतातील रीतच आहे.

आमच्या उपदेशक बंधूंस व वाचता-लिहिता येणाऱ्या सर्व भगिनींस आमची इतकीच विनंती आहे. आपल्या मंडळीत, अथवा मंडळीबाहेरच्या वाडीत व पाड्यावर, ज्यास अर्ज लिहिता येत नाही असा एखादा शेजारी असेल, तर ह्या आठवड्यात एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढावी. तो ख्रिस्ती आहे की नाही हे पाहू नये. कूपर ह्यांनी ते पाहिले नाही. त्याचे म्हणणे नीट ऐकावे, स्वच्छ अक्षरात लिहावे, वाचून दाखवावे, तारीख घालावी, एक नक्कल घरी ठेवावी, आणि प्रार्थना करून तो अर्ज पाठवावा. उत्तर लवकर येईल असे वचन आम्ही देऊ शकत नाही. ते न आले तर पुनः लिहावे.